चित्रपटाला ‘पद्धत’ नसते

रँडी ऑल्सन हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल. हार्वर्ड विद्यापीठातून १९८४ साली जीवशास्त्रातली डॉक्टरेट, सागरी प्राण्यांच्या अळ्यांवर संशोधन, काही काळ ऑस्ट्रेलियातील प्रवाळभित्तींच्या परिसरात काम आणि मग अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठात प्राध्यापकी, अशी त्यांची सरळ वाटचाल होती. ही प्राध्यापकी कायम स्वरूपाची होती. तिकडे अशी नेमणूक मिळवण्यात माणसांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात आणि एकदा मिळाली की ती सहसा कोणी सोडत नाही. ऑल्सन यांनी १९९४च्या सुमारास ती सोडली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विद्यालयात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातले. ज्या वयात इतरांचे प्रबंध तपासायचे, त्या वयात ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले.

या अनुभवावर त्यांनी २००९ साली ‘डोन्ट बी सच अ सायंटिस्ट’ हे पुस्तक लिहिले. २०१८ साली त्याची नवी आवृत्तीही निघाली. ‘एवढे शास्त्रज्ञासारखे वागू नका’ असा या नावाचा अर्थ. २०१५ साली त्यांनी ‘ह्यूस्टन, वी हॅव अ नॅरेटिव्ह’ हे आणखी एक पुस्तक लिहून तोच धागा पुढे नेला. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि विज्ञानाविषयी बोलणाऱ्यांनी ही पुस्तके वाचावीत असे माझे मत आहे. ती वाचून झाल्यावर त्यांच्याशी भांडावे, असेही मत आहे. या लेखात दोन्ही करायचा विचार आहे.

पहिल्या पुस्तकाचा आरंभ अभिनयाच्या वर्गाने होतो. हॉलिवूडमधल्या एका वर्गात ऑल्सन दाखल झाले आणि तिथल्या शिक्षिकेने त्यांना भर वर्गात फैलावर घेतले. कारण एकच. हा माणूस समोरच्याचे ऐकून प्रतिसाद देत नव्हता, आधी डोक्यात विचार करत होता. शास्त्रज्ञाचा जो गुण म्हणून आयुष्यभर वाखाणला गेला, तोच येथे दोष ठरला. या प्रसंगातून ऑल्सन आपला मुख्य सिद्धांत काढतात. माणसाशी बोलताना त्याच्या डोक्याशी बोलता येते, हृदयाशी बोलता येते, पोटाशी म्हणजे हसण्याशी आणि आतल्या अंदाजाशी बोलता येते आणि त्याहून खालच्या भागाशीही बोलता येते, ज्याचा उल्लेख शालेय वाचकांच्या मासिकात न केलेला बरा. जितके खाली जाल तितका श्रोतृवर्ग मोठा. शास्त्रज्ञ मात्र डोक्यातून निघतात आणि डोक्यातच संपतात, अशी त्यांची तक्रार आहे.

तक्रार खोटी नाही. आपल्याकडची विज्ञानावरची व्याख्याने आठवून पाहा. वक्ता पहिली दहा मिनिटे व्याख्या सांगतो, पुढची दहा मिनिटे वर्गीकरण करतो आणि श्रोत्यांना ज्या गोष्टीचे कुतूहल वाटले असते ती शेवटच्या पाच मिनिटांत, अध्यक्ष घड्याळ पाहू लागल्यावर, घाईघाईने उरकतो. ऑल्सन यांनी संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासकांकडून उचललेले एक साधे सूत्र आहे: आधी उत्सुकता जागवा, मग ती पुरी करा. चांगल्या शिक्षकाला हे कोणी सांगावे लागत नाही. फळ्यावर ‘तरंगण्याचा नियम’ असे लिहून तासाला सुरुवात करणारा शिक्षक आणि लिंबू साध्या पाण्यात व मिठाच्या पाण्यात टाकून मुलांकडे बघत गप्प उभा राहणारा शिक्षक, यांतला फरक प्रत्येक मुलाला कळतो.

त्यांचे दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. उत्स्फूर्त अभिनयात एक नियम असतो. समोरच्याने जे मांडले ते स्वीकारायचे आणि त्यात भर घालायची. विज्ञानाचे शिक्षण नेमके उलट आहे. समोरच्याने काही मांडले की ते कुठे चुकते हे आधी शोधायचे. परिसंवादात व्याख्यान संपताच उठणारा पहिला हात बहुधा ‘पण’ने सुरू होतो. यात आम्हाला काही वावगे वाटत नाही, कारण विज्ञान असेच पुढे जाते. परंतु ज्याने हा संस्कार घेतलेला नाही त्याला हा माणूस सतत नाही म्हणणारा, तिरसट वाटतो. मुलाने वर्गात चुकीचे उत्तर दिल्यावर शिक्षकाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, हे या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे.

इथवर ऑल्सन यांच्याशी माझे पटते. खटका उडतो तो पुढे.

चित्रपट विद्यालयात माणूस नेमके काय शिकतो? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते कॅमेरा. वास्तविक कॅमेरा हा त्यातला सोपा भाग. खरे शिक्षण आहे ते टाकून देण्याचे. १६ मिलिमीटरच्या फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते आणि ते महाग असते. तरीही अनुबोधपटासाठी जितके चित्रण होते त्याचा अगदी थोडा अंश पडद्यावर येतो. एका मिनिटासाठी वीस मिनिटे चित्रण करणे यात काही विशेष मानत नाहीत आणि डिजिटल कॅमेरे आल्यापासून तर हे प्रमाण कितीतरी वाढले आहे. म्हणजे विद्यार्थ्याचा मुख्य अभ्यास वीसपैकी एकोणीस मिनिटे कोणती टाकायची हा असतो. संकलनाच्या टेबलावर बसून तो रात्ररात्र हेच करतो. मग वर्गात चित्रपट दाखवला जातो, सहाध्यायी तो उभा-आडवा फाडतात आणि तो पुन्हा कापायला बसतो.

आता प्रयोगशाळेतल्या माणसाच्या नजरेने याकडे पाहा. वीस नोंदींपैकी एक ठेवली आणि एकोणीस टाकल्या, असे एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने सांगितले तर त्याचा मार्गदर्शक पहिला प्रश्न विचारील तो हा की कोणत्या निकषावर टाकल्या? ‘ज्या ठेवल्या त्या जास्त परिणामकारक होत्या’ हे उत्तर चित्रपट विद्यालयात शाबासकीचे आणि प्रयोगशाळेत हाकलून देण्याचे आहे. दोन्ही शिक्षणे घेतलेल्या माणसाने या विरोधाबद्दल सविस्तर लिहावे अशी अपेक्षा असते. ऑल्सन यांच्या पुस्तकांत चित्रपट विद्यालयाने शास्त्रज्ञाला काय शिकवावे याची भरपूर चर्चा आहे. शास्त्रज्ञाने चित्रपट विद्यालयाला काय शिकवावे याची मात्र फारच थोडी.

शिकवण्यासारखे किती आहे याचे एक गमतीदार उदाहरण देतो. संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाला कुलेशोव्हच्या प्रयोगाची गोष्ट ऐकावी लागते. १९२०च्या आगेमागे रशियातील लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य घेतले आणि ते कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवले. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसले, असे सांगतात. चित्रपटाचा अर्थ दृश्यात नसून दोन दृश्यांच्या जोडणीत असतो, या सिद्धांताचा हा पाया. परंतु मूळ प्रयोगाची नीट नोंद उरलेली नाही. किती प्रेक्षक होते, त्यांना काय विचारले, काही ठाऊक नाही. १९९२ साली स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्स्ली या अमेरिकी अभ्यासकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा अपेक्षित परिणाम त्यांना मिळाला नाही. २०१६ साली दुसऱ्या एका गटाने अधिक काळजीपूर्वक केला तेव्हा काही प्रमाणात मिळाला. म्हणजे परिणाम बहुधा आहे, पण गोष्टीत रंगवतात तेवढा ठसठशीत नाही. गंमत अशी की हा प्रयोग कोणत्याही शाळेत साध्या मोबाइल फोनवर करता येईल. एकाच चेहऱ्याचे चित्रण, तीन वेगवेगळी जोडदृश्ये, तीन तुकड्या आणि एक प्रश्नावली. नववीच्या मुलांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे समजावायला याहून चांगले साधन मला तरी सुचत नाही.

ऑल्सन यांच्या दुसऱ्या पुस्तकातला साचा तर याहून तपासण्याजोगा आहे. कोणतीही गोष्ट ‘आणि, पण, म्हणून’ या तीन शब्दांत बसवावी असे ते सांगतात. आधी दोन माहितीची विधाने ‘आणि’ने जोडा, मग ‘पण’ म्हणून अडचण उभी करा, मग ‘म्हणून’ने पुढे जा. शास्त्रज्ञ मात्र ‘आणि, आणि, आणि’ करत राहतात, म्हणून कंटाळा येतो. साचा उपयोगी आहे यात शंका नाही. मुलांकडून प्रकल्पाचा सारांश लिहून घेताना अवश्य वापरून पाहावा. पण आता हे वाक्य वाचा: लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थंड प्रदेशात राहतात आणि दर काही वर्षांनी त्यांची संख्या भरमसाट वाढते, पण तेवढ्यांना पुरेल इतके अन्न नसते, म्हणून ते हजारोंनी कड्यावरून उड्या घेऊन जीव देतात.

साच्यात किती चपखल बसले! लेमिंगांची संख्या दर तीन-चार वर्षांनी वाढते हे खरे, ते स्थलांतर करतात हेही खरे. सामूहिक आत्महत्या ही मात्र शुद्ध थाप आहे. ती जुनीच होती, पण घरोघरी पोचली ती १९५८ सालच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या डिस्ने कंपनीच्या अनुबोधपटामुळे. त्याला उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले. १९८२ साली कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेने त्या चित्रीकरणाचा छडा लावला तेव्हा कळले की ही दृश्ये अल्बर्टा प्रांतात घेतली होती. त्या जागी समुद्रही नाही आणि लेमिंगही नाहीत. प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणले होते, बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर पळवून थोड्यांचे पुष्कळ भासवले होते आणि शेवटी नदीत ढकलले होते. गोष्ट सांगण्याचा साचा खरे-खोटे ओळखत नाही. तो खोट्यालाही तितक्याच तत्परतेने आकार देतो. किंबहुना अधिकच, कारण खऱ्या निसर्गात बहुतेक वेळा ‘म्हणून’ सापडतच नाही.

येथे कोणी म्हणेल की शोधनिबंध हीसुद्धा रचलेली गोष्टच असते. बरोबर आहे. पीटर मेडावार या नोबेल पारितोषिक विजेत्या शास्त्रज्ञाने १९६३ साली बीबीसीवरील भाषणात वैज्ञानिक निबंध ही एक प्रकारची लबाडी आहे का, असा प्रश्न विचारला होता. संशोधन चाचपडत, अंदाज बांधत होते आणि निबंधात मात्र सारे कसे ओळीने, निरीक्षणांतून निष्कर्षाकडे चालत गेल्यासारखे दिसते, असे त्यांचे म्हणणे. पण निबंधात एक भाग असा असतो की तो गोष्ट बिघडवतो, वाचकाला कंटाळा आणतो आणि तरीही गाळता येत नाही. तो म्हणजे ‘पद्धत’. कोणता पदार्थ, किती अंशांवर, किती वेळा, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का. निष्कर्षावर विश्वास नसेल त्याने हे वाचून स्वतः करून पाहावे, अशी ती खुली परवानगी असते. चित्रपटाला असा भाग नसतो. पडद्यावर अस्वल दिसते. ते तिथे कसे आले आणि कॅमेरा तिथे कसा पोचला, हे सांगणारी चौकट नसते.

अनुबोधपटाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात आरंभीच दाखवला जाणारा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ घ्या. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी हडसनच्या उपसागराकाठच्या इन्यूइट लोकांत राहून १९२२ साली तो पुरा केला. कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच, एका बाजूने उघडे बांधले होते. त्या लोकांकडे बंदुका आलेल्या असताना वॉलरसची शिकार भाल्याने करवून घेतली. नानूक हे त्या माणसाचे खरे नावही नव्हते. तरीही चित्रपट मोठा आहे. त्यातली कष्टांची, थंडीची आणि माणसांच्या हसण्याची चित्रे खोटी वाटत नाहीत. चित्रपट विद्यालयात यावर तासन्‌तास वाद होतात आणि ‘अनुबोधपट म्हणजे वास्तवाची सर्जक मांडणी’ या जॉन ग्रिअर्सन यांच्या व्याख्येचा आधार घेऊन ते बहुधा मिटवले जातात. माझे म्हणणे इतकेच की अर्धे घर बांधले यात काही बिघडले नाही. ते अर्धे आहे हे प्रेक्षकाला कळायला कुठलीच वाट ठेवली नाही, यात बिघडले.

२०११ साली बीबीसीच्या ‘फ्रोजन प्लॅनेट’ मालिकेवरून इंग्लंडमध्ये असाच गदारोळ झाला. ध्रुवीय अस्वलाच्या पिलांचा जन्म दाखवणारे दृश्य नेदरलँड्समधील प्राणिसंग्रहालयात घेतले होते आणि ते खुल्या बर्फातल्या दृश्यांना बेमालूम जोडले होते. जंगली अस्विणीच्या गुहेत कॅमेरा नेला तर ती पिलांना इजा करील, हे कारण पटण्यासारखे होते. संस्थेने तशी माहिती आपल्या संकेतस्थळावर दिलीही होती. पद्धत होती, पण निबंधात नव्हती, वेगळ्या कपाटात होती! त्याआधी २००६च्या ‘प्लॅनेट अर्थ’ या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसे केले हे दाखवणारी दहा मिनिटे जोडली होती. मुलांना ही मालिका दाखवताना वेळ अपुरा म्हणून बहुतेक ठिकाणी तीच दहा मिनिटे कापली जातात. माझ्या मते काही कापायचेच असेल तर दुसरे काही कापावे. अशा चित्रपटांतला आवाजही बहुधा मागाहून भरलेला असतो हे मुलांना सांगितले तर ती चकित होतात. अर्धा किलोमीटरवरून भिंगाने अस्वल जवळ आणता येते, त्याच्या पावलांचा आवाज आणता येत नाही. मग स्टुडिओत कोणीतरी पिठाने भरलेली कापडी पिशवी दाबून बर्फावरची पावले वाजवतो.

ऑल्सन यांना हे सारे ठाऊक आहे आणि तरीही त्यांचा स्वतःचा गाजलेला चित्रपट याच ठिकाणी अडखळतो. ‘फ्लॉक ऑफ डोडोज’ हा २००६ सालचा चित्रपट त्यांच्या मूळ कॅन्सस राज्यात उत्क्रांती शिकवण्यावरून उठलेल्या वादावर आहे. सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली असे मानणारा एक पक्ष आणि दुसरा उत्क्रांतिशास्त्रज्ञांचा. (पहिल्या पक्षाला ‘रचनावादी’ म्हणायला हरकत नव्हती, पण शिक्षकांच्या मनात त्या शब्दाचा निराळा अर्थ पक्का आहे. आपण त्यांना कर्तावादी म्हणू.) ऑल्सन उत्क्रांतीच्या बाजूचे आहेत, परंतु चित्रपटात कर्तावादी मंडळी हसतमुख, आतिथ्यशील दिसतात आणि पत्ते खेळायला बसलेले शास्त्रज्ञ तापट आणि गर्विष्ठ दिसतात. मग या गोष्टीतले नामशेष होणारे डोडो कोण, असा प्रश्न चित्रपट विचारतो. हे धाडस मला आवडले. आपल्याच लोकांकडे असे पाहणे सोपे नसते.

पण त्यात एक प्रसंग आहे. एर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ साली वेगवेगळ्या प्राण्यांच्या भ्रूणांची चित्रे शेजारी शेजारी मांडून ती आरंभी किती सारखी असतात हे दाखवले होते. ती चित्रे सोयीस्करपणे सारखी केलेली होती. ‘ही फसवी चित्रे अजून पाठ्यपुस्तकांत आहेत’ असे कर्तावादी म्हणतात. ऑल्सन कॅमेऱ्यासमोर त्यांच्यातल्या एका प्रमुखाला पुस्तकातून ते चित्र काढून दाखवायला सांगतात आणि ते त्याला सापडत नाही. प्रसंग हास्यस्फोटक आहे. पण प्रेक्षकाचा समज असा होतो की हा आरोपच बनावट. तसे नाही. मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली खऱ्या भ्रूणांशी तुलना करून त्या चित्रांतल्या चुका दाखवल्या आणि स्टीफन जे गूल्ड यांनी २००० साली लिहिले की शंभर वर्षे ही चित्रे डोळे झाकून एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरवली गेली याची जीवशास्त्रज्ञांना लाज वाटली पाहिजे. गूल्ड कर्तावाद्यांचे कट्टर विरोधक होते! उत्क्रांतीचा पुरावा या चित्रांवर तसूभरही अवलंबून नाही, म्हणून चूक मोकळेपणाने कबूल करण्यात काही धोकाही नव्हता. परंतु तसे केले असते तर प्रसंगातला हशा गेला असता. कर्तावाद्यांनी या जागेवर बोट ठेवून पुढे चित्रपटाविरुद्ध मोहीम चालवली, हे ओघाने आलेच.

त्याच काळात, डिसेंबर २००५ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील डोव्हर या गावच्या शाळामंडळाविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. निकालपत्र १३९ पानांचे आहे. कर्तावाद हे विज्ञान नाही, तो शाळेत विज्ञान म्हणून शिकवता येणार नाही, असे न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ठरवले. तिथे निर्णायक ठरलेला एक पुरावा विलक्षण होता. कर्तावाद्यांच्या पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात आणून बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते ओळ न्‌ ओळ ताडून पाहिले होते. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रिएशनिझम’ शिकवण्यास मनाई केल्यावर मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दाच्या जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ हे शब्द घातले गेले. एका ठिकाणी घालणाऱ्याचा हात चुकला. जुन्या शब्दाचे डोके आणि शेपूट तसेच राहिले आणि मध्ये नवा शब्द अडकला. जीवाश्मशास्त्रज्ञ ज्याला मधला दुवा म्हणतात तोच कागदावर सापडला. हे काम हृदयाशी बोलून झाले नाही, कंटाळवाण्या वाचनातून झाले.

ऑल्सन यावर म्हणू शकतात की न्यायाधीशाला ऐकणे भाग असते, प्रेक्षक उठून जातो. मुद्दा रास्त आहे. पण याच खटल्यावर अमेरिकेतील ‘नोव्हा’ या विज्ञानमालिकेने २००७ साली ‘जजमेंट डे’ हा दोन तासांचा अनुबोधपट केला आणि तो पाहणारा उठून जात नाही. न्यायालयात कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी नट घेऊन न्यायालयातले प्रसंग पुन्हा उभे केले आणि संवाद न्यायालयाच्या नोंदींतून घेतले, हे प्रेक्षकापासून लपवले नाही. म्हणजे फ्लाहर्टी यांनी केले तेच, घडवून आणलेले दृश्य. फरक एवढा की संशयी प्रेक्षक नोंदी काढून शब्द ताडून पाहू शकतो.

शास्त्रज्ञांना चित्रपट शिकवण्याचा प्रयोग ऑल्सन यांच्यापुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्य विद्यापीठात रोनाल्ड टोबायस यांच्या पुढाकाराने विज्ञान आणि निसर्गविषयक चित्रपटनिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०००च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. त्यामागची कल्पना अशी की विज्ञान शिकलेल्याच्या हाती कॅमेरा देणे हे कॅमेरावाल्याला विज्ञान शिकवण्यापेक्षा सोपे. आपल्याकडे पुण्याची चित्रपटसंस्था १९६० साली, दिल्लीला जामिया मिलियातील जनसंज्ञापन केंद्र १९८२ साली निघाले, पण शास्त्रज्ञ तिथे विद्यार्थी म्हणून गेल्याची उदाहरणे विरळा. उलट वाट अधिक रुळलेली आहे. पुण्याच्या संस्थेत शिकलेल्या चंदिता मुखर्जी यांनी भारतातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासावर ‘भारत की छाप’ ही तेरा भागांची मालिका केली आणि १९८९ साली ती दूरदर्शनवर दाखवली गेली. कोणती वाट बरी, यावर माझे ठाम मत नाही. मात्र दोन्ही वाटांवर संकलनाच्या टेबलापाशी कोणीतरी ‘हे का टाकले?’ असे विचारणारा हवा, आणि तो प्रश्न अभ्यासक्रमात असल्याशिवाय विचारला जाईल असे वाटत नाही.

तो विचारला गेला तर काय होऊ शकते याचा नमुना म्हणून ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा सुमारे वीस मिनिटांचा चित्रपट शिक्षकांनी अवश्य पाहावा. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातील मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांनी तो १९८७ साली केला. पदवीदान समारंभाच्या दिवशी हार्वर्डच्या आवारात झगे घालून फिरणारे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना त्यांनी ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात असे विचारले. २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, हे ऋतूंचे ठरलेले उत्तर. मग कॅमेरा जवळच्या शाळेतल्या नववीच्या एका हुशार मुलीकडे वळतो. ती पृथ्वीची कक्षा काढते ती पिळदार, वेटोळी. शिक्षिका धडा शिकवते, मुलीच्या काही कल्पना सुधारतात, काही मात्र नव्या माहितीला आत घेऊन तशाच टिकून राहतात. यात नट नाहीत, अस्वल नाही, जोडून आणलेले दृश्य नाही. कॅमेरा येथे तापमापीसारखा लावलेला आहे.

तेवीस हा आकडा लहान आहे, अचानक तोंडासमोर माईक आल्यावर दिलेले उत्तर म्हणजे त्या माणसाचे सगळे ज्ञान नव्हे, हे आक्षेप घेता येतात आणि घ्यावेत. सॅडलर यांनी पुढे मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांच्या लेखी चाचण्या घेतल्या, हे त्याला उत्तर. चित्रपटातले एक निरीक्षण तर थेट आपल्या पुस्तकांना लागू आहे. पृथ्वीची कक्षा जवळपास वर्तुळाकार असताना आकृतीत ती तिरक्या कोनातून, म्हणून लांबट अंड्यासारखी काढतात. मुले ती खरी मानतात आणि अंतराचा सिद्धांत त्यातूनच रचतात. ‘आणि, पण, म्हणून’ येथेही अचूक बसते! प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभी, १५.२ कोटी किलोमीटरवर.

हा प्रश्न घेऊन आपल्या गावात असा चित्रपट करायला मुलांच्या एका गटाला सांगावे. फक्त प्रश्न जसाच्या तसा उचलू नये. बोस्टनमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा येतो, एकदा मेमध्ये किंवा जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या आसपास, आणि त्या दुसऱ्या वेळी बाहेर पाऊस पडत असतो. आपला सर्वांत कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असतो, दिवस सर्वांत मोठा असतो त्या २१ जूनला नव्हे. म्हणून ‘जुलैत सूर्य डोक्यावर असूनही मेइतके का उकाडत नाही?’ असे विचारून पाहावे. उत्तरे चित्रित केल्यावर मुलांनी एक वही ठेवावी. किती जणांना विचारले, कोणाला, कोणत्या शब्दांत, कोणाची उत्तरे चित्रपटात घेतली आणि कोणाची का वगळली. चित्रपट दाखवताना ती वही पडद्याशेजारी उघडी ठेवावी.